पिवळे फूल उलटे करून पाहा: सोनकी आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या रानफुलांची ओळख

भाद्रपद-आश्विनात सह्याद्रीत कुठेही गेलात तरी पिवळी फुले पायाशी येतात. कासच्या पठारावर सोनकी, रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या वाटांवर सोनकी, आदिवासी पाड्यांभोवतीच्या उतारांवर खुरासणीची शेते, रस्त्याकडेला कॉसमॉस, बांधावर पाथरी, गटाराच्या कडेने वेडेलिया. नवखा माणूस या सगळ्यांना एकतर ‘सोनकी’ म्हणतो नाहीतर ‘पिवळी डेझी’. ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली आहेत, त्यामुळे वरून पाहिले तर ती सारखी दिसणारच. फरक असतो तो फुलाच्या खाली, पानाच्या बुडाशी आणि बीच्या टोकाशी. पिवळ्या रंगावरून आणि पाकळ्यांच्या संख्येवरून ओळख पटवण्याचा प्रयत्न सोडून दिला की अर्धे काम झाले.

आधी फुलाची रचना समजून घ्या

ज्याला आपण एक फूल म्हणतो ते या कुळात अनेक बारीक फुलांचे डोके असते. शास्त्रीय मराठीत त्याला स्तबक म्हणतात. स्तबकात दोन प्रकारची फुले असू शकतात: कडेला जिभेसारखी चपटी किरणपुष्पे आणि मध्ये नळीसारखी बिंबपुष्पे. आपण ‘पाकळी’ म्हणून मोजतो ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल असते. स्तबकाला खालून हिरव्या पानासारख्या भागांनी आधार दिलेला असतो, ती छदे. छदे किती रांगांत आहेत, सगळी सारख्या उंचीची आहेत की चढत्या उंचीची, हे या लेखात सारखे विचारावे लागणार आहे. बी म्हणून जे हाती येते ते खरे तर एकबीजी सुके फळ. इथे सोयीसाठी त्याला बीच म्हणू. त्याच्या डोक्यावर केसांचा झुबका असेल, दोन-चार काटे असतील किंवा काहीच नसेल. ही तिसरी महत्त्वाची खूण.

सोबत काय घ्यावे

दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, एक पोस्टकार्डाएवढा पांढरा आणि एक काळा कागद, दाढीचे ब्लेड, छोटी कागदी पाकिटे आणि पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते. भिंग वापरताना बहुतेकजण ते फुलाजवळ धरून लांबून पाहतात आणि काही दिसत नाही म्हणून ठेवून देतात. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि फूल हळूहळू भिंगाकडे आणा. दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर चित्र एकदम स्पष्ट होते.

ब्लेडने फूल कापून पाहायचे ते फक्त रस्त्याकडेच्या, पडीक जागेतल्या, भरपूर वाढलेल्या तणांचे. कास, अभयारण्ये, राखीव वने इथे फूल तोडायचे नाही. तिथे गुडघ्यावर बसून, झाड जागेवरच ठेवून, वाकवता येईल तेवढेच वाकवून पाहायचे. पठारावरच्या रोपांमध्ये पाय ठेवणेही टाळा. जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो आणि एकदा तो उखडला की लवकर भरून येत नाही.

पायरी १: हे खरेच या कुळातले आहे का

लांबून पिवळा दिसणारा सडा कवल्याचाही असू शकतो. त्याचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे, वर एक मोठी पाकळी आणि खाली चोच, पाने चिंचेसारखी संयुक्त. हे फूल जवळून पाहिले की शंका राहत नाही. सूर्यफूल कुळातले असेल तर मधोमध बारीक फुलांची गर्दी दिसलीच पाहिजे आणि तिच्याखाली छदांचा पेला.

पायरी २: चीक पाहा

पानाची मधली शीर किंवा फुलाचा कोवळा दांडा नखाने खरचटा आणि पाच-सात सेकंद थांबा. पांढरा दुधासारखा चीक आला तर पाथरी, सोंकस यांच्या गटाकडे जा. चीक नसेल तर सोनकी किंवा खुरासणीच्या गटाकडे. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोरड्या पानांत चीक कमी होतो, म्हणून जुने पान वापरू नका. चीक लागलेला हात डोळ्याला लावू नका.

हीच खात्री दुसऱ्या बाजूने करता येते. चीक असलेल्या गटात स्तबकातले प्रत्येक फूल जिभेसारखे असते, मध्ये नळीची फुले नसतातच, आणि प्रत्येक जिभेच्या टोकाला पाच बारीक दाते असतात. चीक नसलेल्या गटात कडेच्या जिभांना दोन किंवा तीनच दाते असतात आणि मध्ये नळीच्या फुलांचे बिंब असते. पाच दाते आणि चीक या दोन्ही खुणा जुळल्या तर गट निश्चित. एक जुळली आणि दुसरी नाही, तर पुन्हा दुसरे फूल घेऊन पाहा, कारण कडेचे दाते किडे कुरतडतात.

पायरी ३: पाने समोरासमोर की एकाआड एक

चीक नसलेल्या झाडांसाठी ही सर्वांत उपयोगी पायरी. खोडाच्या मधल्या भागातली पाने पाहा. सर्वांत खालची आणि फुलांच्या लगतची पाहू नका. खुरासणीत खालची पाने समोरासमोर असतात, पण शेंड्याकडे ती एकाआड एक होऊ लागतात. शेंड्यावरून ठरवलेत की थेट चुकीच्या गटात जाल.

एकाआड एक पाने: सोनकी, व्हिकोआ, भांबुर्डा. समोरासमोर पाने: खुरासणी, बायडेन्स, कॉसमॉस, वेडेलिया, एकदांडी, सिनेड्रेला.

पायरी ४: स्तबक उलटे करा

आता छदे पाहा. सेनेसिओ वंशात, म्हणजे सोनकीच्या वंशात, मुख्य छदे एकाच रांगेत, सारख्या उंचीची, एकमेकांना कड लावून उभी असतात. त्यांच्या अगदी बुडाशी दोन-चार खुजी, खवल्यासारखी छदे असतात, ती मोजणीत धरायची नाहीत. ही कुंपणासारखी एकेरी रांग एकदा डोळ्यांत बसली की पिवळ्या फुलांच्या गर्दीतून सोनकी वेगळी काढायला दहा सेकंदही लागत नाहीत.

पायरी ५: बैठक आणि बी

रस्त्याकडेचे स्तबक दांड्यासकट घेऊन ब्लेडने उभे मधोमध कापा. ज्या बैठकीवर बारीक फुले बसलेली असतात तिथे प्रत्येक फुलाच्या शेजारी पातळ, कागदी खवला आहे का ते भिंगातून पाहा. त्याला तुष म्हणतात. खुरासणी, बायडेन्स, कॉसमॉस, वेडेलिया, एकदांडी यांच्यात तुषे असतात. सोनकीत आणि चीकवाल्या गटात बैठक उघडी असते. मग सुकलेले, पिकलेले स्तबक शोधा आणि बी काळ्या कागदावर झटका. पांढरे केस काळ्यावर दिसतात, काळे बी पांढऱ्यावर, म्हणूनच दोन कागद.

एवढ्या पाच पायऱ्यांनी बहुधा वंश निश्चित होतो. पुढे जवळच्या नात्यातल्या प्रजाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या आहेत, आणि तिथेच जास्त चुका होतात.

सोनकी आणि तिच्या बहिणी

आपल्याकडची सर्वांत परिचित सोनकी म्हणजे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या पुस्तकांत आणि बऱ्याच छायाचित्रांखाली ती सेनेसिओ ग्रॅहमी या नावाने सापडते. दोन्ही नावे एकाच वनस्पतीची आहेत. पाऊस ओसरू लागला की फुलते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पठारे पिवळी करते. खोड सरळ उभे, पाने एकाआड एक, कडा ठळक दातेरी. खालच्या पानांना देठ असतो, वर जाऊ तसा देठ कमी होत जातो आणि वरची पाने थेट खोडाला बसतात. पान आणि खोड हाताला साधारण गुळगुळीत लागते, कापसासारखी लव नसते. बीवर पांढऱ्या रेशमी केसांचा झुबका असतो आणि तो वाऱ्यावर म्हातारीसारखा उडतो.

सेनेसिओ एजवर्थी ही तिच्याशी सर्वांत जास्त गोंधळ होणारी. हिच्यात खोडावर आणि पानावर कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा कापसासारखी पांढरट लव असते. पाने नुसती दातेरी नसून खोलवर कापल्यासारखी असतात आणि पानाचे बूड खोडाला निम्मे वेढते. बहर साधारण सोनकीच्या नंतर, पावसाळा संपल्यावर. पण बहराच्या काळावर एकट्यावर विसंबू नका. पावसाने माघार उशिरा घेतली की दोन्ही एकाच वेळी फुललेल्या दिसू शकतात. लव पाहताना पानाची खालची बाजू आणि खोडाचा फुलांकडचा भाग पाहा. जुन्या पानांवरची लव पावसाने झडते आणि मग एजवर्थीचे पान बॉम्बेएन्सिससारखे बोडके वाटते. पान कापलेले आहे का हे ठरवायला खालचे पान लागते, आणि फुले भरात येईपर्यंत तेच पान सुकून गेलेले असते. म्हणून एकाच रोपावर अडून न राहता त्याच ठिकाणची चार-पाच रोपे पाहा. एखाद्या उशिरा उगवलेल्या रोपावर खालची पाने ताजी मिळतात.

पश्चिम घाटात सेनेसिओच्या आणखीही प्रजाती आहेत: डाल्झेली, गिब्सनी, बेळगावमेन्सिस, हेवरेन्सिस. यांच्यात निवड करायची तर बीवर लव आहे की नाही, कडेच्या आणि मधल्या फुलांच्या बिया सारख्या आहेत की वेगळ्या, छदांची संख्या, किरणपुष्पांचे असणे-नसणे असे तपशील लागतात. फुलाच्या एका छायाचित्रावरून या प्रजातींचे नाव छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ‘सेनेसिओ, प्रजाती अनिश्चित’ असे लिहिणे हे चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगाचे असते, कारण पुढे कोणाला तपासायचे झाले तर दार उघडे राहते.

किरणपुष्पे का मोजू नयेत, हेही इथे सांगून टाकू. या वंशात किरणांची संख्या बहुधा पाच, आठ, तेरा या आकड्यांभोवती घुटमळते, पण एकाच रोपाच्या मुख्य स्तबकावर जास्त आणि बाजूच्या फांदीवर कमी किरणे असतात. रोप कातळावर भुकेले वाढले तर आणखी कमी. उंचीचेही तसेच. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वीतभर असलेली सोनकी कारवीच्या आडोशाला गुडघ्यापर्यंत जाते. म्हणून उंची टिपून ठेवा, पण तिच्यावरून निर्णय घेऊ नका.

सोनकी समजून घेतली जाणारी व्हिकोआ

व्हिकोआ इंडिका, काही पुस्तकांत पेंटानेमा इंडिकम, पाऊस संपल्यावर मोकळ्या माळावर आणि टेकड्यांवर फुलते. पाने एकाआड एक, फूल पिवळे, मध्ये बिंब, कडेला किरणे. वरून पाहिले तर सोनकीच. उलटे केले की मात्र छदे अनेक रांगांत, अरुंद, बाहेरची आखूड आणि आतली लांब, अशी चढती मांडणी दिसते. सोनकीची एकेरी सारखी रांग इथे नाही. व्हिकोआची किरणे अरुंद आणि दाट असतात, फुलांचे दांडे तारेसारखे बारीक, पानांचे बूड खोडाला कानाच्या पाळीसारखे धरून असते. बी पिकले असेल तर प्रश्नच संपतो: व्हिकोआच्या कडेच्या बियांवर केसच नसतात आणि मधल्या बियांवर थोडेसे, खरखरीत. सोनकीच्या बीवर दाट, मऊ झुबका.

भांबुर्डा आणि त्याचे ब्लुमिया वंशातले भाऊबंदही पिवळे, एकाआड एक पानांचे. त्यांना कडेच्या पसरट जिभा नसतात, स्तबक बंद ब्रशसारखे दिसते, आणि पान चुरगाळले की उग्र, कापरासारखा वास येतो. एवढ्यावर ते बाजूला ठेवता येतात.

चीकवाला गट: पाथरी आणि सोंकस

सकाळी जा. सोंकसची फुले दुपारपर्यंत मिटतात आणि मिटलेल्या फुलावरून काही कळत नाही. पाथरीसाठीही सकाळच बरी.

पाथरी म्हणजे लॉनिया प्रोकम्बेन्स. शेतात, बांधावर, रब्बीच्या पिकात जमिनीला चिकटून पानांचे चक्र पसरते. पानांची कड खाचदार, आणि त्या कडेवर पांढरे, कडक, बारीक दाते असतात. भिंगाशिवायही ते दिसतात, बोट फिरवले तर जाणवतात. फुलांचे दांडे बहुधा आडवे पसरून मग टोक वर करतात. छदांच्या कडा पातळ, पांढऱ्या, कागदासारख्या असतात. ही कड लॉनियाची फार चांगली खूण आहे. कोकण-गोव्याच्या पुळणीवर हिचीच दुसरी प्रजाती मिळते, लॉनिया सार्मेन्टोसा. ती वाळूवर लांब धावते, म्हणजे जमिनीलगत सरपटणाऱ्या फांद्या, फेकते आणि धाव्याच्या प्रत्येक पेराला मुळे फुटून नवे पानांचे चक्र तयार होते. वाळूत असे एकमेकांना जोडलेले चक्रांचे जाळे दिसले तर ती हीच.

सोंकसला मात्र उंच, पोकळ, पानांनी भरलेले खोड असते. आपल्याकडे दोन सोंकस फार सापडतात आणि त्यांना वेगळे करणे हा या सगळ्या विषयातला उत्तम सराव आहे, कारण खूण एकच पण पक्की आहे. पान खोडाला जिथे वेढते तिथे त्याला दोन कानांसारख्या पाळ्या असतात. सोंकस ओलेरेसियसमध्ये या पाळ्या टोकदार, खोडापासून बाहेर निघालेल्या. सोंकस ॲस्परमध्ये त्या गोलाकार, वळलेल्या, खोडाला चिकटलेल्या. ओलेरेसियसचे पान मऊ, निस्तेज, शेवटचा तुकडा मोठा आणि त्रिकोणी. ॲस्परचे पान चकचकीत, कडेला बोचणारे काटे. काट्यांवर भिस्त ठेवू नका, कारण जुने ओलेरेसियसही थोडे बोचरे होते आणि कोवळे ॲस्पर फारसे बोचत नाही. शंका राहिली तर बी पाहा. ओलेरेसियसच्या बीवर उभ्या रेघांसोबत आडव्या सुरकुत्या असतात, ॲस्परच्या बीवर फक्त उभ्या रेघा, मधली जागा गुळगुळीत. अडीच-तीन मिलिमीटरच्या बीवर हे दहापट भिंगातून स्वच्छ दिसते, फक्त बी पूर्ण पिकून तपकिरी झालेले हवे. हिरव्या बीवर सुरकुत्या अजून उमटलेल्या नसतात आणि प्रत्येक ओलेरेसियस ॲस्पर वाटतो.

छायेतल्या ओलसर जागी, कुंड्यांत, भिंतीच्या कडेला बारीक उभ्या दांड्यावर सेंटिमीटरभरही नसलेली पिवळी फुले आणि बुडाशी पानांचे चक्र दिसले तर यंगिया जॅपोनिका तपासा.

या गटातल्या कुठल्याही झाडाला आपल्याकडे सर्रास ‘डँडेलियन’ म्हटले जाते. खऱ्या डँडेलियनला, म्हणजे टॅरॅक्सेकमला, फुलाचा दांडा पोकळ, बिनपानांचा, बिनफांद्यांचा असतो आणि एका दांड्यावर एकच फूल. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांना तो अंगणातच भेटतो. दांड्याला फांदी किंवा पान असेल तर तो डँडेलियन नाही, मग बी कितीही छान उडत असो.

ज्यांना भाजी खुडायची आहे त्यांच्यासाठी

पाथरी कच्ची भाकरीबरोबर खाणारी घरे विदर्भ-मराठवाड्यात खूप आहेत, म्हणून हे स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. सेनेसिओ वंशात यकृताला इजा करणारी पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स असतात. ती शिजवल्याने जातील असे समजू नये. फूल येण्याआधीच्या कोवळ्या रोपांत गफलत होण्याची शक्यता सर्वांत जास्त. पान तोडल्यावर चीक आला नाही तर ते पाथरी नाही, खुडू नका. उलट, चीक आला म्हणून ते पाथरीच असेही नाही, कारण एरंडाच्या कुळातल्या दुधींनाही चीक असतो. चीक, कडेचे पांढरे कडक दाते आणि जमिनीला चिकटलेले पानांचे चक्र, तिन्ही एकत्र दिसल्याशिवाय टोपलीत टाकायचे नाही. पहिल्या हंगामात गावातल्या जाणत्या बाईबरोबर जाऊन खुडावी.

समोरासमोर पानांचा गट

खुरासणी किंवा कारळे, गुइझोटिया अबिसिनिका. तेलबियांचे पीक, नाशिक-ठाणे-पालघरच्या डोंगराळ भागात उतारावर पेरतात. शेताबाहेर सांडून रस्त्याकडेलाही उगवते आणि मग रानफूल समजली जाते. किरणे बहुधा आठ, रुंद, टोकाला तीन दाते. बाहेरची पाच छदे रुंद, पानासारखी, हिरवीगार. ती सोनकीच्या अरुंद कुंपणाशी अजिबात जुळत नाहीत. बी काळे, चकचकीत, तीन ते पाच मिलिमीटर, आणि डोक्यावर काहीही नाही. झाडावरचे एक सुके स्तबक तळहातावर चोळले की उत्तर मिळते.

बायडेन्समध्ये दोन प्रजातींचा घोळ कायमचा. बायडेन्स पिलोसाची किरणे असली तर पांढरी, पुष्कळदा नसतातच, नुसते पिवळे बिंब. पान बहुधा तीन पर्णिकांचे, कधी पाच. बायडेन्स बायटर्नाटाची किरणे पिवळी, पान जास्त विभागलेले, पाच ते नऊ पर्णिका, खालची जोडी पुन्हा तुकडे झालेली. पण बायटर्नाटाची किरणेही झडतात किंवा येतच नाहीत, आणि तेव्हा दोन्ही झाडे नुसत्या पिवळ्या बटनांची राहतात. अशा वेळी बाहेरच्या छदांकडे वळा: पिलोसात ती टोकाकडे रुंद होणारी, चमच्यासारखी, बायटर्नाटात सरळ अरुंद. बीवरचे काटे पिलोसात दोन-तीन, बायटर्नाटात तीन-चार. एका बीवर निर्णय देऊ नका, काटे मोडतात. दहा बिया पाहा आणि सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा धरा. या बिया आपोआप पायमोज्यांना चिकटून येतातच, घरी परतल्यावर त्या फेकण्याऐवजी पाकिटात घाला.

कॉसमॉस सल्फ्युरियस हा बागेतून पळालेला, मेक्सिकोकडचा. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि महामार्गांच्या कडेला तो आता भरपूर आहे. केशरी-पिवळा, किरणे मोठी आणि रुंद, पान दोन-तीनदा बारीक विभागलेले. बीला लांब चोच असते. बायडेन्सची बी बुडापासून टोकापर्यंत साधारण सारखीच अरुंद, तर कॉसमॉसच्या बीचा वरचा भाग निमुळता होऊन सुईसारखा लांबतो.

वेडेलिया नावाने रोपवाटिकेत मिळणारी सरपटणारी वेल म्हणजे स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातली, आणि जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) यादीत तिचे नाव आहे. तिच्याच वंशातला आपला पिवळा माका, स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया, औषधी म्हणून शोधला जातो आणि लोक हटकून परदेशी वेल उपटून आणतात. पान पाहा. ट्रायलोबाटाच्या पानाला बाजूला दोन टोके फुटून ते तीन भागांचे दिसते, कॅलेंड्युलेसियाचे पान लांबट, अखंड, फार तर कडेला एखाद-दोन दाते. पण ट्रायलोबाटाच्या कोवळ्या फांदीवर एखादे अखंड पानही असते, म्हणून निदान दहा पाने पाहा. साधा माका वेगळ्याच वंशातला, त्याची फुले पांढरी.

एकदांडी, ट्रायडॅक्स, ओळखायला सोपी: लांब, केसाळ, बिनपानांचा दांडा आणि त्यावर एकच फूल, फिकट मलईच्या रंगाची चार-सहा किरणे, मध्ये पिवळे बिंब, बीवर पिसासारखे केस. सिनेड्रेलाची बारकी पिवळी फुले दांड्याशिवाय थेट पानांच्या बेचक्यात बसतात, आणि एकाच स्तबकात दोन तऱ्हेच्या बिया मिळतात: कडेच्या चपट्या, दातेरी पंखांच्या, मधल्या बारीक, दोन काट्यांच्या.

छायाचित्रे कशी काढावीत

ओळख चुकते त्याचे मुख्य कारण छायाचित्र. फुलाचा वरून काढलेला सुंदर फोटो कितीही स्पष्ट असला तरी त्यात छदे नाहीत, पानाचे बूड नाही, बी नाही. मोबाइलमधली ओळखणारी ॲपही अशा फोटोवर हमखास गडबडतात. बहुतेक वेळा ती युरोपातली एखादी सेनेसिओ सुचवतात, कारण त्यांनी पाहिलेल्या फोटोंत तिकडचीच भर जास्त. ॲपने दिलेले वंशाचे नाव तपासून घेण्याजोगे असते, प्रजातीचे नाव मात्र वरच्या पायऱ्यांतून पार पडल्याशिवाय स्वीकारू नका.

प्रत्येक रोपाचे सात फोटो काढा: पट्टी शेजारी ठेवून पूर्ण रोप, खोडाच्या मध्यावर पान जोडलेली जागा, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, स्तबक वरून, स्तबक बाजूने आणि खालून, आणि कागदावर ठेवलेली पिकलेली बी. उन्हात पिवळा रंग कॅमेऱ्यात फुटतो आणि किरणांचे दाते नाहीसे होतात. स्वतःच्या अंगाची सावली फुलावर पाडा आणि मोबाइलवर उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. खालचा फोटो काढायला फूल तोडावे लागत नाही, मोबाइल उलटा करून जमिनीलगत धरला की समोरच्या कॅमेऱ्यानेही तो मिळतो.

वहीत प्रत्येक नोंदीखाली तारीख, ठिकाण, साधारण उंची, जमीन कातळाची की मातीची, आणि चीक, पानांची मांडणी, छदांच्या रांगा, तुष, बीचे टोक या पाच खुणांची उत्तरे लिहा. जे पाहता आले नाही तिथे ‘पाहिले नाही’ असेच लिहा. जागा कोरी ठेवलीत तर महिनाभराने ती खूण नव्हती की पाहायची राहिली हे आठवत नाही.

फुलांच्या वेळी बी नसते आणि बीच्या वेळी फूल सुकलेले असते. त्यामुळे सेनेसिओच्या नोंदी पुऱ्या करायच्या तर त्याच जागी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा जावे लागते. सप्टेंबरअखेर पाहिलेल्या सोनकीच्या जागी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गेलात तर छदे मागे वळलेली, झुबके मोकळे झालेले सापडतात. संरक्षित जागी त्या बियांचेही तिथेच, झाडावरच फोटो काढायचे. बाहेरच्या ठिकाणी पाकिटात घ्यायच्या तर चार-पाच पुरेत, आणि पाकीट प्लॅस्टिकचे नको, आत ओल धरून बी बुरशीते. नाव तरीही अडले, तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. आधी विचारणा करून, आपल्या सात फोटोंसह तिथे गेल्यास नमुन्याशी ताडून पाहता येते.